नोशनमध्ये कथेचा आराखडा: टेम्प्लेट कामाचं, पण छाटून घ्या

नोशन या नोंदी आणि तक्ते ठेवायच्या ॲपमध्ये कथानकासाठीच्या बऱ्याच तयार टेम्प्लेटांत रकान्यांची गर्दी असते. नायकाचा आवडता रंगसुद्धा विचारतात! त्यातले सहाच ठेवा: प्रसंग क्रमांक, जागा, वेळ, कोण, त्याला काय हवंय, शेवटी काय बदललं. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर तो प्रसंग बहुधा नुसती गप्पाष्टकं असतो.

क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार 'नंबर'च ठेवा. 'टेक्स्ट' ठेवला तर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. आकडे १०, २०, ३० असे द्या, म्हणजे मध्ये २५ घुसवता येतो.

वेळेचा रकाना सर्वांत उपयोगी. समजा, कथा इंदूरच्या सराफ्यात घडते, म्हणजे दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खाण्याच्या गाड्यांचा असलेल्या बाजारात. प्रसंग ४० मध्ये काकू रात्री अकराला पेढीवर पाटल्या मोडायला जातात. पण तेव्हा पेढ्यांची शटर्स खाली आणि पुढे गराडू (एक कंद) तळणं चालू असतं! वेळेनुसार क्रम लावला की पेढीचा प्रसंग रात्रीच्या जेवणांनंतर आलेला दिसतो आणि घोळ लगेच कळतो. असे घोळ एकटाकी लिहिताना हमखास निसटतात.

मराठीची खास अडचण: टॅगमध्ये एकदा 'काकू', एकदा 'काकु' टाइप झालं की दोन पात्रं तयार होतात आणि फिल्टरमध्ये निम्मे प्रसंग गायब. पात्रांचा वेगळा तक्ता करून तो 'रिलेशन'ने, म्हणजे दोन तक्ते जोडणाऱ्या रकान्याने, प्रसंगांच्या तक्त्याला जोडा. नाव एकदाच लिहावं लागतं.

पाच-सहा प्रसंगांच्या लघुकथेला मात्र हा सगळा खटाटोप नको, वहीचं एक पान पुरतं.