कास रस्त्यावरची लाँग रन आणि पाण्याची व्हेस्ट: घेताना काय बघायचं

पुढे छातीवर ५०० मिलीच्या दोन मऊ बाटल्या, मागे पाचेक लिटर सामान मावेल असा कप्पा आणि रिकामं वजन साधारण पाव किलो. धावण्याच्या बहुतेक व्हेस्ट, म्हणजे पाणी अंगावर वागवायची बिनबाह्यांची जाकिटं, अशाच असतात, मग ब्रँड कुठलाही असो. दुकानात सगळ्याच छान बसतात. फरक कळतो तो साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने १५ किलोमीटर जाऊन परत येताना, आणि तोही उतारावर.

चढताना अंग पुढे झुकलेलं आणि पावलं छोटी असतात, त्यामुळे सैल व्हेस्टही गप्प बसते. परतीच्या घाटात पाऊल जोरात पडतं, बाटल्या अर्ध्या झालेल्या असतात, आणि मग व्हेस्ट उडायला लागते. कारण सरळ आहे: पाणी कमी झालं की छातीवरचा घेर कमी होतो, पण पट्टे सुरुवातीलाच आवळलेले तसेच राहतात. म्हणून धावता धावता एका हाताने ओढता येईल असा पट्टा हवा. नुसते हुक असतील तर घेऊ नका. साइज ठरवताना टी-शर्टवरून छातीचं माप घ्या, बाटल्या भरून व्हेस्ट घाला आणि जागच्या जागी उड्या मारून बघा. दोन साइजच्या मधे असाल तर लहान घ्या, मात्र पूर्ण श्वास घेता आला पाहिजे.

पाण्याच्या डुचमळण्यावर उपाय सोपा. बाटली काठोकाठ भरा, झाकण लावा, उभी धरून आतली हवा तोंडाने ओढून घ्या. मऊ बाटलीचा खरा फायदा हाच, कारण पाणी संपेल तशी ती आक्रसते. पाठीवरच्या पिशवीत पाणी जास्त मावतं, पण किती उरलंय ते दिसत नाही आणि भरायला सगळं उतरवावं लागतं. या रस्त्यासाठी बाटल्याच बऱ्या.

पण एक लिटर पुरेल का? घाट धरून ३० किलोमीटरला साडेतीन तास लागत असतील आणि तासाला अर्धा लिटर पाणी लागत असेल, तर पावणेदोन लिटर झालं. तिसरी बाटली मागे ठेवा किंवा वाटेत भरून घ्यायची जागा आधी हेरून ठेवा. भल्या पहाटे टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही. स्वतःची गरज नेमकी काढायची तर धावण्याआधी आणि नंतर वजन करा: घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात प्यायलेलं पाणीही मिळवा.

ओआरएसमध्ये हमखास चूक होते. २१.८ ग्रॅमचं पाकीट एक लिटरसाठी असतं. ते अख्खं ५०० मिलीत टाकलं तर मिश्रण दुप्पट दाट होतं आणि पोट बिघडू शकतं. पाकीट घरीच लिटरभर पाण्यात विरघळवून दोन्ही बाटल्यांत ओता, तिसरीत साधं पाणी ठेवा. ओआरएसमधून ऊर्जा फार मिळत नाही, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं वेगळी लागतात. बिया काढलेला खजूर उत्तम. राजगिऱ्याचा लाडू खिशात भुगा होतो आणि चिक्की उन्हात चिकटते.

मागच्या कप्प्याचं कापड घामाने भिजतं, त्यामुळे फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवा. घासण्याच्या जागा ठरलेल्या: गळ्याचं हाड, काखेजवळची शिवण, बरगड्यांची खालची कड. तिथे आधीच व्हॅसलिन लावा. बिनबाह्यांच्या बनियनवर व्हेस्ट घालू नका, खांदे सोलून निघतात.

डावीकडे उरमोडीचं पाणी, उजवीकडे कण्हेरचं आणि मधल्या धारेवर भणाणता वारा, असा हा रस्ता आहे. वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि तहान कळत नाही, म्हणून दर १५-२० मिनिटांनी घोट घ्यायचाच. बाटलीची चोखायची टोपी तोंडाजवळ असल्याने ते आपोआप होतं, आणि एवढ्यासाठी तरी व्हेस्टचे पैसे वसूल आहेत. १५ किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्याला मात्र हातातली बाटली पुरते.

घरी आल्यावर बाटल्या लगेच धुवा. उकळतं पाणी नको, जोड सुटतात. चोखायची टोपी काढून वेगळी घासा, बुरशी आधी तिथेच धरते. आत लाकडी चमचा उभा ठेवून वाळवा, किंवा निथळून सरळ फ्रीझरमध्ये टाका. व्हेस्ट साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळत घाला, नाहीतर मिठाने कापड ताठ होतं आणि पुढच्या रविवारी तेच अंगाला काचतं.