अ‍ॅक्सलला ट्रस: काडी की मिग?

जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ट्रस, म्हणजे अ‍ॅक्सलची नळी वाकू नये म्हणून वर जोडायचा लोखंडी आधार, बसवायचा, तोही घरच्या अंगणात आणि वेल्डिंगची सवय नसताना. मग मशीन कोणतं घ्यायचं?

मिग, म्हणजे तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग, हातात लवकर बसतं. बटण दाबलं की तार येते, वेल्डचा टाका देखणा दिसतो. गोम तिथंच आहे. लहान मशीनवर जाड नळीत वितळण खोल जात नाही, वरून मात्र सगळं झकास. शिवाय अंगणात वारा सुटला की टाक्याला झाकणारा गॅस उडतो आणि टाक्यात भोकं पडतात.

काडीचं, म्हणजे लेप दिलेल्या इलेक्ट्रोडचं, वेल्डिंग सुरुवातीला रडवतं. काडी चिकटते, टाक्यावरची खपली (स्लॅग) ठोकून काढावी लागते. पण ३.१५ मिमीची ७०१८ (कमी हायड्रोजनवाली) काडी, डीसी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि साधारण १२० अँपिअर एवढ्यावर पकड खोल मिळते, वाऱ्याचाही फारसा त्रास नाही. फक्त ही काडी कोरडीच हवी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं पाकीट म्हणजे ओल आलीच, आणि ओलीतून हायड्रोजन, हायड्रोजनमधून तडा. माझं मत काडीलाच. आधी भंगारातल्या नळीवर आठवडाभर हात बसवा.

दोन्हींत नळी वाकण्याची भीती सारखीच. इंच-दीड इंचाचे टाके, कधी या टोकाला कधी त्या, मध्ये थंड होऊ द्यायचं. बॅटरी सोडवून, ऑइल काढूनच सुरुवात.

अ‍ॅक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियलचं घर) बिडाचा असेल तर मात्र दोन्ही मशीनं बाजूला ठेवा आणि हाउसिंग थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, न्या. बीड तापवून, हळूहळू थंड करत जोडणं हे नवख्याचं काम नव्हे.