पुण्यात एकच मोकळा दिवस: पेठा की मुठेचं खोरं?

बाहेरगावचे पाहुणे आले की आमच्याकडे हा प्रश्न दर वेळी निघतो. दिवस एकच आहे, पुण्याचा इतिहास बघायचाय, तर कसब्यापासून लकडी पुलापर्यंत पायी फिरायचं, की खडकवासल्यावरून पानशेत आणि येताना सिंहगड? दोन्ही फेऱ्या मी कितीतरी वेळा केल्यात. पण एकाच माणसाबरोबर लागोपाठ दोन दिवस, अशा त्या परवाच्या डिसेंबरात पहिल्यांदा झाल्या. कोल्हापूरचे मामा आले होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, पण चालायला अजून खणखणीत.

आधी पेठा. त्यांचं बलस्थान एकच आणि ते फार मोठं आहे: सगळं हाताशी आहे. कसबा गणपतीपासून लकडी पुलापर्यंत दीड-दोन किलोमीटरच्या चालण्यात जिजाऊंच्या काळापासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतचं पुणं उलगडतं. लाल महालाची आजची इमारत महापालिकेनं अलीकडे बांधलेली आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे निराशा होत नाही. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ची आणि आग १८२८ची. त्यामुळे आत बघायला उरलेत ते तट, जोती आणि कारंज्यांचे हौद. दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात मात्र चढाच. पण खरं सांगायचं तर मामा रमले ते विश्रामबाग वाड्यासमोर. लाकडी सज्जा, सुरूचे खांब, त्यावरची पानं-फुलं बघत पंधरा मिनिटं हलले नाहीत. लाकूडकामाची आवड असणाऱ्याला खोऱ्यात याच्या तोडीचं काही दाखवता येणार नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत फिरलं, ती सांगतो.

मामांना सगळ्यात जास्त ओढ होती ती पुराची खूण बघायची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते शाळकरी होते. वडिलांनी घरात सगळ्यांना बसवून पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती, ती त्यांच्या मनात तेव्हापासून आहे. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर तशी खूण मला ठाऊक होती. दगडात कोरलेली आडवी रेघ आणि खाली तारीख. रेघ माणसाच्या डोक्याच्या बरीच वर आहे. म्हणजे ती बघायची तर भिंतीपासून चार पावलं मागे यायला हवं. भिंतीला लागून दुचाक्या, हँडलात हँडल अडकलेलं, आणि त्या दुचाक्यांच्या मागे थेट रस्ता. मामा मागे सरकले की हॉर्न. बाजूला झाले, चष्मा पुसला, पुन्हा मागे सरकले, पुन्हा हॉर्न. तिसऱ्या वेळी एका रिक्षाचा आरसा कोपराला घासून गेला. मग समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढून बघायचं ठरवलं, तर मधे माल उतरवायला टेम्पो येऊन थांबला. "हितनं काय कळत न्हाई रे," असं म्हणून ते चालायला लागले. साठ वर्षं मनात धरलेली गोष्ट, आणि तिच्यासमोर अर्धं मिनिट नीट उभं राहता आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

हे एका भिंतीपुरतं नाही. पेठांमध्ये बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक वर आहे: सज्जे, कोनाडे, दगडी पट्ट्या, जुन्या पाट्या. मान वर करून उभं राहायला मात्र जागा नाही. पहाटे गेलं तर रहदारी नसते, हे खरं. पण गाड्या रात्रभर तिथेच लावलेल्या असतात आणि वाडे बंद असतात. ज्या नदीच्या काठी हे शहर वाढलं ती बघायची तर लकडी पुलाच्या कठड्याशी दोन मिनिटं मिळतात. ओंकारेश्वराच्या मागे उतरलात तर थोडी निवांत जागा सापडते, पण उन्हाळ्या-हिवाळ्यात त्या पाण्याजवळ फार वेळ थांबवत नाही.

दुसरा दिवस बुधवार होता. साडेसहाला निघालो. खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं होतं, चौपाटीवरचे गाडे अजून लागायचे होते. हे धरण इंग्रजांनी १८६९मध्ये बांधायला घेतलं. १९६१च्या त्या दिवशी पानशेतमागोमाग तेही फुटलं, आणि एकीकडे घराघरात चिखल, दुसरीकडे प्यायला पाणी नाही, अशी पुण्याची अवस्था झाली. सिंहगडाच्या पायथ्याचं डोणजे सोडलं की रस्ता पाण्याच्या कडेनं जातो. उजवीकडे जलाशय, डावीकडे सिंहगड, आणि वळणावळणाला गाडी बाजूला घेऊन उतरता येतं. आम्ही सहा वेळा उतरलो.

पानशेतला आंबी आणि मोसे या दोन नद्यांची खोरी शेजारी येतात. एकीवर पानशेतची भिंत, दुसरीवर वरसगावची. १९६१मध्ये पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आतच त्यात पावसाचं पाणी अडवलं होतं. भिंत खचायला लागली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि सकाळी ती गेली. मामांना हे सगळं पाठ होतं. मी फक्त साठवणक्षमतेचे आजचे आकडे सांगितले: पानशेत १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, आणि खाली खडकवासला अवघा १.९७. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून तीन आकडे एकाखाली एक लिहिले, वर भिंतीकडे पाहिलं, मग आलो त्या रस्त्याकडे पाहिलं. तांब्यात घागर ओतली तर काय होणार, ते आता वेगळं सांगायची गरज नव्हती. पाऊण तास तिथे उभे होतो. एकदाही कुणी हॉर्न दिला नाही.

परतताना सिंहगड. टिळकांचा बंगला, तानाजींची आणि राजाराम महाराजांची समाधी हे सगळे बघतातच. मी पाहुण्यांना दोन दरवाज्यांची दिशा बघायला सांगतो. पुणे दरवाज्याच्या बाजूनं खाली खडकवासल्याचं पाणी आणि त्यामागे शहर. कल्याण दरवाज्यातून उतरलं तर पलीकडचं खोरं. पुरंदरच्या तहात हा किल्ला द्यावा लागला आणि १६७०मध्ये जिवाची बाजी लावून परत का घेतला, ते या दोन दरवाज्यांमध्ये फिरताना जितकं समजतं तितकं मला तरी पुस्तकात समजलं नव्हतं.

खोऱ्याचे तोटेही आहेतच. रविवारी, त्यातून पावसाळ्यातल्या रविवारी, चौपाटीपासून डोणज्यापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात आणि संध्याकाळी परत येताना तर दिवसाचा सगळा आनंद वाहून जातो. गुडघे दुखणाऱ्यांना कल्याण दरवाज्याच्या पायऱ्या जड जातील. गणपतीच्या दिवसांत आलात तर पेठाच, दुसरा विचारही करू नका. आणि ज्याचा जीव पेशवाईतच अडकलाय त्याला धरणाच्या भिंती दाखवून उपयोग नाही. मला खोरं भावतं यात माझ्या स्वभावाचाही भाग असेल. मला थांबत थांबत बघायला आवडतं.

त्या संध्याकाळी परतताना मामांनी लकडी पुलावर उतरायचंय म्हणून सांगितलं. गर्दी कालच्याइतकीच होती. कठड्याला हात टेकवून त्यांनी वरच्या अंगाला, खडकवासल्याच्या दिशेला पाहिलं. "ह्यो पूल बुडाला हुता न्हवं?" मी हो म्हटलं. जरा वेळानं म्हणाले, "मग कालची ती रेघ एवढ्या वर का, ते आत्ता ध्यानात आलं."

म्हणून दीड दिवस असेल तर आधी खोरं आणि दुसऱ्या सकाळी पेठा. गोखलेनगर, सहकारनगर अशा पूरग्रस्तांसाठी वसलेल्या वस्त्यांवरून जाताना मग त्यांचाही अर्थ लागतो. दिवस एकच असेल आणि तो रविवार नसेल, तर साडेसहाला निघा, डोणज्याच्या चौकातून आधी पानशेतकडे जा आणि सिंहगड परतीच्या वाटेवर ठेवा.