आठ तारांची गिटार बनवून घेताय? आगाऊ पैसे देण्याआधी हे वाचा

कोल्हापुरातल्या एका तरुण वादकाने ऑनलाइन ओळख झालेल्या कारागिराकडून आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतली. किंमत ठरली ९२,००० रुपये, त्यातले ६०,००० आगाऊ. कबूल केलेला माल असा होता: महोगनीची बॉडी, वर क्विल्टेड (लाटांसारख्या नक्षीच्या) मेपलचा टॉप, मेपल आणि वेंगे या गडद लाकडाच्या पाच पट्ट्यांचा नेक, नेकच्या आत कार्बनच्या सळ्या, एबनीचा फ्रेटबोर्ड, २७ इंच स्केल (तारेची वाजती लांबी), ईएमजी ८०८ पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबकी डब्यांची) जोडी आणि मापाची हार्डकेस. गिटार उघडली तेव्हा यातली जवळजवळ एकही गोष्ट खरी निघाली नाही. कारागिराचं नाव इथे देत नाही. त्याने फसवलं कसं, हे कळणं जास्त गरजेचं आहे, कारण असं करणारा तो एकटा नाही.

गिटार आमच्याकडे दुरुस्तीला आली ती वेगळ्याच तक्रारीने: खालची तार ढिली वाटते, सुरात राहत नाही. पहिली खूण मोजायच्या टेपनेच मिळाली. नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं, ती स्केल लेंग्थ. २७ इंचाला हे अर्धं माप ३४३ मिमी येतं. इथे आलं ३२४ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच, सहा तारांच्या नेहमीच्या गिटारीचं माप. असं होण्याचं कारण बहुधा एकच असतं. फ्रेटच्या खाचा पाडायचं टेम्प्लेट साडेपंचवीसचंच असतं, नवीन करायला पैसे पडतात, मग त्याच टेम्प्लेटवर नेक नुसता रुंद करून दिला जातो. नटची रुंदी ५५ मिमी दिसली की गिऱ्हाईक खूश.

पण आठव्या तारेचा एफ शार्प ४६.२५ हर्ट्झचा आहे. सहा तारांच्या गिटारीवरचा खालचा ई ८२.४१ हर्ट्झचा. तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २७ वरून साडेपंचवीसला येताना ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. तक्रार केल्यावर कारागिराने सल्ला दिला, ७४ ऐवजी ८४ गेजची तार लाव (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्यासाठी नटची खाच कानसून मोठी केली. जाड तार जास्त ताठ असते, तिचा बाराव्या फ्रेटवरचा सूर चढतो, म्हणून सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) मागे न्यावं लागतं. इथे सॅडल स्क्रूच्या शेवटापर्यंत मागे गेलं तरी सूर चढाच राहिला. ब्रिज ज्या जागी बसवलाय तिथे आणखी मागे जायला जागाच नाही. म्हणून गिटार हातात आल्याबरोबर, तारांचा आवाजही ऐकण्याआधी, टेप लावा. तिरके फ्रेट असलेल्या मल्टिस्केल गिटारीत सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तारेची लांबी वेगवेगळी मोजायची, ब्रिजपर्यंत.

आता लाकूड. फसवणुकीला सगळ्यात जास्त वाव इथेच आहे, कारण रंगाखालचं लाकूड कुणी बघत नाही. तारा सैल करून नेकचे चार बोल्ट काढले की नेक बसतो त्या खोबणीत कोरं लाकूड दिसतं. मागच्या झाकणाखालची पोकळी बघून उपयोग नाही, तिथे शील्डिंगचा (बाहेरची खरखर अडवणारा) काळा रंग मारलेला असतो आणि तो सगळं झाकतो. या गिटारीच्या खोबणीत फिकट गुलाबी, भरड रेषांचं लाकूड निघालं. वखारीत ज्याला मेरांती म्हणतात ते. चौकटी-दारांना जातं. महोगनीच्या नावाखाली ते खपवण्याची चाल जुनी आहे, ‘फिलिपीन महोगनी’ हे नाव त्यातूनच आलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली खरी मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. म्हणजे कुणी ‘होंडुरन महोगनी’ म्हणाला तर त्याच्याकडे पुरवठादाराचं बिल असलंच पाहिजे. भारतात लागवडीची महोगनीही मिळते. ती वापरायला हरकत नाही, फक्त तसं सांगून आणि त्या भावाने.

टॉपवरचा क्विल्टेड मेपल म्हणजे छापील फॉइल होती. ओळखणं सोपं आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च एका बाजूने धरून हळूहळू दुसऱ्या बाजूला न्या. खऱ्या क्विल्टमध्ये उजळ पट्टे गडद होतात आणि गडद पट्टे उजळतात, लाटा सरकल्यासारख्या दिसतात. छापील चित्र हलत नाही. पिकअपच्या खाचेची कड भिंगाखाली बघितली तर कागदाएवढा पापुद्रा दिसतो. खरं व्हिनियरही पातळच असतं, साधारण अर्धा मिलिमीटर, पण त्याच्या कडेला लाकडाचे तंतू दिसतात.

एबनीच्या बाबतीत लोक अर्धवट चाचणी करून मोकळे होतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फ्रेटबोर्ड पुसला आणि कापूस काळा झाला, म्हणजे नकली, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. खऱ्या एबनीतही तपकिरी पट्टे असतात आणि चांगले कारागीरसुद्धा ते काळे करून घेतात. बघायची ती छिद्रं. एबनीची छिद्रं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्याला पृष्ठभाग जवळजवळ काचेसारखा दिसतो. शिसवीत सुईच्या टोकाएवढ्या लांबट रेघा स्पष्ट दिसतात. खात्री करायची असेल तर नट काढा. त्याच्या खालच्या जागेत रंग पोचलेला नसतो. इथे नटखाली तपकिरी लाकूड होतं, तेही शिसवीपेक्षा हलक्या प्रतीचं.

नेकच्या मागे दोन गडद पट्ट्या दिसत होत्या, त्यामुळे पाच पट्ट्यांचा नेक असल्याचा भास होत होता. नेक सुटा केल्यावर त्याच्या बुडाची कापलेली बाजू बघितली, तर पट्ट्या तीन मिलिमीटर खोल गेल्या होत्या आणि तिथेच संपल्या होत्या. खाच पाडून वरून चिकटवलेल्या. खऱ्या लॅमिनेटेड नेकमध्ये जोड आरपार जातात आणि बुडाशी पाच तुकडे वेगवेगळे मोजता येतात. कार्बनच्या सळ्या आहेत की नाहीत हे फ्रेटबोर्ड चिकटवल्यावर बाहेरून कळत नाही. त्यासाठी फ्रेटबोर्ड बसवण्याआधीचा फोटो हवा, ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करायचा आतला लोखंडी दांडा) आणि दोन्ही सळ्या खाचेत बसलेल्या दिसतील असा, शेजारी तुमच्या ऑर्डरची चिठ्ठी ठेवून. दुसऱ्याच गिटारीचा फोटो पाठवला जाऊ नये म्हणून ती चिठ्ठी.

लाकडाच्या नावाबद्दल आमचं मत स्पष्ट सांगतो. सॉलिड बॉडी गिटारीत बॉडी कुठल्या झाडाची यापेक्षा नेक किती सरळ राहतो, स्केल किती आहे आणि पिकअप कुठले आहेत, याचा आवाजावर आणि वाजवण्यावर कितीतरी जास्त परिणाम होतो. बासवुड, आल्डर, महोगनी, अगदी मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर वापरतात ते तूनसुद्धा बॉडीला चालेल. पैसे घालायचे तर नेकमध्ये घाला. आठ तारांचा ताण सहा तारांपेक्षा बराच जास्त असतो आणि नेक रुंद असल्यामुळे त्याला पीळ पडायची भीतीही जास्त. ट्रस रॉडने बाक काढता येतो, पीळ काढता येत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि नेकच्या टोकाकडून एका रेषेत बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

कोल्हापूरच्या हवेत हे आणखी जपावं लागतं. जूनपासून इथली हवा ओली असते, उघड्या शेडमध्ये पडलेलं लाकूड ओलावा पीत राहतं. नेकच्या लाकडात ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असावा, सुयांच्या मॉइश्चर मीटरवर तो दिसतो. पावसाळ्यात त्याहून ओल्या लाकडाचा नेक घडवला तर तेव्हा सगळं नीट दिसतं. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. या गिटारीत नेमकं हेच झालं होतं, वर थोडा पीळही पडला होता. लाकूड कधी आणि कसं वाळवलं हे लेखी मागा. ‘जुनं लाकूड आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही.

पिकअपची फसवणूक सगळ्यात सफाईदार होती. बंद काळा डबा, त्यावर कंपनीचं नाव, मागे बॅटरीची खण, खणीत ९ व्होल्टची बॅटरी. ईएमजी ८०८ हा अॅक्टिव्ह पिकअप आहे, आत प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असतो, बॅटरीशिवाय तो वाजत नाही. म्हणून पहिली चाचणी अगदी साधी: बॅटरी काढा, अँप लावा, वाजवा. या गिटारीचा आवाज बॅटरी काढल्यावरही जसाच्या तसा होता. मागचं झाकण काढलं तर बॅटरी क्लिपच्या लाल आणि काळ्या दोन्ही वायर हीटश्रिंकमध्ये गुंडाळून नुसत्या सोडून दिलेल्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

जॅकही बघा. अॅक्टिव्ह गिटारीत स्टिरिओ जॅक असतो. केबल घातली की त्यातला तिसरा संपर्क बॅटरीची निगेटिव्ह बाजू जोडतो, केबल काढली की बॅटरी बंद. इथे दोनच संपर्कांचा मोनो जॅक होता. पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावरचा) आकडाही वाचा. अॅक्टिव्ह ईएमजीसोबत २५ किलोओहमचे पॉट येतात, पॅसिव्ह हंबकरला (बॅटरीशिवाय चालणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपला) साधारण ५०० चे लागतात. इथे ५०० चे होते. खोटं पिकअप लपवता येतं, पण ते वाजायचं तर त्याच्या मागचं सर्किट खरं लावावंच लागतं. म्हणून झाकण उघडायला कारागीर नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

मग डब्याच्या आत काय होतं? शिवणाची सुई दोऱ्याला बांधून पिकअपवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. आठ तारांच्या खऱ्या पिकअपवर सगळ्या तारांखाली ओढ जाणवली पाहिजे. इथे दोन्ही टोकांना सुई सैल लोंबत होती आणि मधल्या भागात ओढली जात होती. डबा सुमारे चार इंचांचा, आत सहा तारांचा साधा सिरॅमिक हंबकर, भोवती इपॉक्सी. हिशोब करून बघा. ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर १०.५ मिमी धरलं तर पहिल्यापासून आठव्या तारेपर्यंत ७३.५ मिमी होतात. सहा तारांच्या पिकअपचे कडेचे पोल (तारेखालचे चुंबकी खिळे) साधारण ५२ मिमी अंतरावर असतात. म्हणजे सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक अशा दोन्ही तारा पोलच्या बाहेर जवळजवळ ११ मिमी राहतात. ज्या खालच्या तारेसाठी माणूस आठ तारांची गिटार घेतो, तीच दबून वाजते. दोष स्केलचा आणि पिकअपचा, आणि कारागीर मात्र मुलाला अँपचं ईक्यू बदलायला सांगत होता!

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. पिकअप स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह विकत घ्या आणि खोक्यासकट कारागिराच्या हातात द्या. त्या खोक्यात पॉट, जॅक, बॅटरी क्लिप, स्क्रू सगळं असतं. देताना फोटो काढा. पिकअप आधी हातात असले की बॉडीतली खाचही त्याच मापाने पाडली जाते, नंतर कानस मारून मोठी करावी लागत नाही.

हार्डकेसच्या नावाखाली कापड चढवलेल्या फोमची पेटी आली. ती वाईटच असते असं नाही, पण तिला हार्डकेसचा भाव लावायचा नाही. मोठी चूक मापात होती. २७ इंचाची आठ तारांची गिटार बहुधा एक मीटरपेक्षा लांब भरते, आणि पेटी सहा तारांच्या गिटारीची. ही गिटार आखूड स्केलची असूनही आठ ट्यूनरांचं लांब हेडस्टॉक पेटीच्या टोकाला टेकत होतं. अशी पेटी ट्रॅव्हल्सच्या डिकीत उभी ठेवली आणि आपटली, तर सगळा धक्का नटच्या मागे, जिथे नेक सगळ्यात नाजूक असतो, तिथेच बसतो. केस घेताना हेडस्टॉकच्या पुढे दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नटच्या थोडं खाली नेकला आधार हवा, हेडस्टॉक कुठेही टेकता कामा नये. बेसची केस घेऊन आत गिटार ठेवणारे बरेच आहेत. तिच्यात गिटार मागेपुढे सरकते, बुडाशी घट्ट फोम भरला तरच चालेल.

पैसे कसे द्यायचे? लाकूड निवडून त्याचे फोटो आल्यावर एक हप्ता, फ्रेटबोर्ड चिकटवण्याआधीच्या फोटोनंतर दुसरा, आणि गिटार हातात घेऊन, मोजून, मागचं झाकण उघडून बघितल्यावर उरलेले. इथे ६०,००० रुपये कारागिराच्या नातेवाइकाच्या यूपीआयवर गेले होते आणि बिल नव्हतं. ऑर्डरचा कागद असा हवा की त्यात लाकडाचं नाव, स्केल मिलिमीटरमध्ये, पिकअपचं मॉडेल आणि केसचं आतलं माप लिहिलेलं असेल. मापं तपासायला तज्ज्ञ लागत नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर मिळेल.

फसवणूक झालीच असेल तर गिटार लगेच परत पाठवू नका. ती गेली की पुरावाही गेला. आधी टेप लावलेल्या स्थितीत स्केलचा फोटो, नेकच्या बुडाचा, नटखालच्या लाकडाचा, सुटलेल्या बॅटरी वायरचा फोटो, आणि बॅटरी काढून वाजवल्याचा सलग व्हिडिओ काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. पैसे ऑनलाइन घेऊन समोरचा गायबच झाला असेल तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.