‘सुटका केलेली गाढवं’ बघायला कोकणात निघालात? आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा

डोंबिवलीच्या एका कुटुंबाने मे महिन्यात दापोली-गुहागरची सहल आखली. मुलांना जनावरांची आवड, म्हणून वाटेत ‘वीटभट्टीवरून सोडवलेल्या 23 गाढवांचं आश्रयस्थान’ बघायचं ठरलं. जाहिरात मोबाइलवर दिसली होती. फॅमिली पास 2,400 रुपये. त्यात दोन मोठी, दोन मुलं, गाढवांना चारा भरवणं, खरारा करणं, दुपारचं जेवण आणि मुलांच्या नावाने दत्तक-प्रमाणपत्र. 1,200 रुपये आगाऊ गेले. मग ‘जनावरांच्या सुरक्षेसाठी परत मिळणारी अनामत’ म्हणून आणखी 2,000. संध्याकाळी घरी निघताना हिशेब केला तेव्हा एकूण 10,900 रुपये गेले होते आणि समोरचा नंबर बंद होता.

ही पद्धत पुन्हा वापरली जाणार, म्हणून त्यातला प्रत्येक टप्पा नीट समजून घ्यायला हवा. कागद, फोटो, शिक्के सगळं बनवता येतं. गाढवाचे खूर, पाठ आणि दावण बनवता येत नाही. त्यामुळे पैशांबद्दल चार प्रश्न विचारण्याआधी गाढवांबद्दल चार प्रश्न विचारा.

सुरुवात फोटोंपासून. त्या पानावरची गाढवं लांब, झुबकेदार केसांची होती, मागे हिरवंगार कुरण आणि दगडी कुंपण. आपल्याकडचं गाढव आखूड केसांचं, खांद्याशी साधारण तीन फूट उंच आणि अंगाने हलकं असतं. केसाळ गाढवं थंड प्रदेशातली. इंग्लंडमध्ये सिडमथला एलिझाबेथ स्वेंडसेन यांनी 1969 साली सुरू केलेलं ‘द डाँकी सँक्चुअरी’ जगभर माहीत आहे आणि अशा परदेशी ठिकाणांचे फोटो उचलणं सोपं असतं. सिडमथला प्रवेशाला पैसे घेत नाहीत. तिथलं दत्तक घेणंही प्रतीकात्मक असतं, पैसे देखभालीला जातात आणि जनावर जागचं हलत नाही. तेव्हा कोणी ‘दत्तक घेतलेलं गाढव वाढदिवसाला तुमच्या फार्महाउसवर पाठवू’ म्हणाला, तर बोलणं तिथेच थांबवा. गाढवं जोडीने राहतात. जोडीदार तुटला की खाणं सोडतात, आणि गाढवाने खाणं सोडणं फार धोक्याचं असतं. अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागतं आणि काही दिवसांत जनावर दगावू शकतं. ज्याने खरोखर गाढवं सांभाळली आहेत, तो एक दिवसासाठीही जोडी फोडणार नाही.

आता ठिकाणाचा पत्ता. या कुटुंबाला आधी फक्त ‘गुहागरजवळ, बीचपासून दहा मिनिटं’ एवढंच सांगितलं होतं. नकाशावरची खूण आली ती निघण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता, दाभोळची फेरीबोट धरायच्या गडबडीत. यामागे हिशेब असतो. खाडी ओलांडून, गाडीत मुलं बसवून, तासन् तास घाट-वळणं घेऊन माणूस पोचला की तो परत फिरत नाही. फाटकावर उरलेले 1,200 मागितले तरी देतो, आणखी काही मागितलं तरी देतो. कोकणात कुठलीही जागा कुठल्यातरी वाडीतली असते. गाव कोणतं, वाडी कोणती, जागा कोणाची, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर मिळालं की त्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा आणि तिथे एवढी गाढवं आहेत का ते विचारा. ही सगळ्यात भरवशाची तपासणी आहे, कारण गाढवं आता मुळातच थोडी उरली आहेत. देशभरात 2012 च्या पशुगणनेत सुमारे 3.2 लाख होती, 2019 मध्ये 1.2 लाखांवर आली. कोकण किनाऱ्यावर तर ओझं वाहायला बैल आणि माणूसच असायचा. अशा भागात एका वाडीत 23 गाढवं असतील आणि तालुक्याच्या डॉक्टरला पत्ता नसेल, हे होत नाही. त्यांना धनुर्वाताची लस, जंताचं औषध, जखमांची मलमपट्टी कोण करतं? ग्रामपंचायत, पोलीस पाटील किंवा तुम्ही जिथे उतरणार त्या घरचे लोक यांनाही विचारता येतं. गावात गाढव आलं तर साऱ्या गावाला कळतं.

पोचल्यावर काय दिसलं? माडांची वाडी, बांबूचं फाटक आणि चार गाढवं. ‘बाकीची चरायला गेलीत.’ चारही आखूड दोरीने बांधलेली, त्यातल्या दोघांच्या पुढच्या पायांना पायबंद. पाण्याचं टमरेल कोरडं. हे बघताच निघावं इतकं पुरेसं होतं, पण न पारखणाऱ्या डोळ्याला गाढव म्हणजे असंच, असं वाटतं. म्हणून काय बघायचं ते सविस्तर सांगतो.

केस हाताने मागे सारून बघा. या गाढवांच्या केसांच्या मुळाशी लालसर धूळ होती. ती विटांची. म्हणजे जनावर कालपरवापर्यंत भट्टीवर होतं आणि दिवसाच्या भाड्याने आणलं होतं. पाठीवर आणि खांद्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर घाबरू नका. खोगिराने झालेली जुनी जखम भरली की तिथे बऱ्याचदा पांढरे केस उगवतात. सुटका केलेल्या जनावरावर ते असणारच. काही गाढवांच्या नाकपुड्या चिरलेल्या दिसतात, तीही जुनी, चुकीच्या समजुतीतून केलेली इजा. पण जखम गुलाबी, ओली, माश्या बसलेली असेल, तर ते जनावर आजही कामाला जुंपलेलं आहे.

मग खूर. खऱ्या आश्रयस्थानात नालबंद किंवा प्रशिक्षित माणूस दर सहा ते दहा आठवड्यांनी खूर कापतो. कापलेल्या खुराची कड सरळ दिसते आणि टाच जमिनीला नीट टेकते. भट्टीवरच्या गाढवाचे खूर झिजून कडेने फुटलेले असतात. नुसतं बांधून ठेवलेल्याचे वाढून पुढून वर वळतात. ‘खूर शेवटचे कधी कापले, कोणी कापले?’ हा प्रश्न फोनवरच विचारा. खरा सांभाळणारा तारीख सांगतो, नोंदवही दाखवतो. खोटा माणूस म्हणतो, ‘गाढवाला काही लागत नाही, काटक जनावर आहे.’ व्हिडिओ कॉल करून त्याच वेळी एका गाढवाचे चारही खूर, चाऱ्याची कोठी आणि आजारी जनावराचा वेगळा गोठा दाखवायला सांगा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ पाठवला तर तो धरू नका.

चारा हा फसवणुकीचा सगळ्यात कमाईचा भाग. इथे 100 रुपयाला एक अशी हरभरा आणि गुळाची पाकिटं विकली गेली, मुलांनी पाच घेतली. गाढवाचं पोट कमी सत्त्वाच्या, भरपूर तंतूंच्या चाऱ्यासाठी घडलेलं आहे. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, वाळलेलं गवत. गूळ, चणे, पाव, बिस्किटं सारखी मिळत गेली तर खुरांच्या आत दाह होतो, जनावराला पाऊल टाकवत नाही आणि खूर कायमचे बिघडू शकतात. शिवाय हातातून खाऊ मिळत राहिला की गाढव हात चावायला शिकतं, मग मुलाला चावलं की मार गाढवालाच बसतो. म्हणून जिथे जनावरांची काळजी असते तिथे पाहुण्यांकडून असला खाऊ भरवून घेत नाहीत. खरारा करायला देतील, पेंढा गव्हाणीत टाकायला देतील, तोही त्यांनी मोजलेला.

‘एका गाढवाचा महिन्याचा चारा 9,000 रुपये’ असंही तिथे पाटीवर लिहिलं होतं. हे पडताळणं सोपं आहे. सव्वाशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन ते अडीच किलो कोरडा चारा पुरतो, म्हणजे महिन्याला 60 ते 75 किलो. तुमच्याकडच्या कडब्याच्या भावाने गुणा. औषध, नालबंद, मजुरी हा खर्च खरा आणि मोठा असतो, पण प्रामाणिक माणूस तो वेगवेगळा मांडतो. दिवसाला 10 ते 25 लिटर पाणीही लागतं. मे महिन्यात पाण्याची टाकी किंवा भरलेलं टाकं न दिसणाऱ्या जागी गाढवं राहत नाहीत, आणलेली असतात.

शेवटचा घाव शिंगराचा. एक लंगडं शिंगरू पुढे करून, मोबाइलवर क्ष-किरणाचा फोटो दाखवून ‘उद्या ऑपरेशन, 6,000 कमी पडतायत’ असं सांगितलं. मुलं रडायला लागली, पैसे गेले. हाडाची शस्त्रक्रिया माडाच्या वाडीत होत नाही. त्यासाठी जनावर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी न्यावं लागतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेतला नोंदणी क्रमांक विचारा, त्या डॉक्टरांशी बोला, आणि द्यायचेच तर पैसे थेट दवाखान्याला द्या. शिंगरू असणं हा एकटा फसवणुकीचा पुरावा मात्र नाही. गाढविणीचा गाभणकाळ साधारण बारा महिन्यांचा, त्यामुळे गाभण सोडवलेली गाढवीण नंतर विते. पण दर हंगामात नवं शिंगरू दाखवलं जात असेल, तर तिथे नरांचं खच्चीकरण होत नाही किंवा शिंगरं बाहेरून आणली जातात. गाढविणीचं दूध बाटलीत विकायला ठेवलं असेल, तर ती जागा आश्रयस्थान म्हणून धरू नये.

जूनमध्ये याच धंद्याचं दुसरं रूप येतं. पावसात वीटभट्ट्या बंद होतात, काही मालक गाढवं रस्त्यावर सोडून देतात आणि तसे फोटो टाकून ‘तातडीची सुटका’ म्हणून वर्गणी गोळा होते. गरज खरी असते. गाढवाच्या केसांतून पाणी निथळत नाही, कोकणातल्या पावसात छप्पर आणि कोरडी जमीन मिळाली नाही तर सर्दी-खोकला आणि खूर कुजणं ठरलेलं. म्हणूनच विचारा, पत्र्याची शेड किती लांब-रुंद, जमिनीला उंचवटा आहे का, पावसाळ्यापुरता पेंढा कुठे रचलाय.

कागदांचं थोडक्यात. सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी असते. तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासा आणि जिल्ह्याचं नाव जुळतंय का बघा. पैसे न्यासाच्या नावाच्या खात्यातच जावेत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी नाव दिसतं, इथे ते एका व्यक्तीचं होतं. ‘80जी मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, हे आमिषही तपासा: प्रवेशाचे किंवा जेवणाचे पैसे देणगी ठरत नाहीत, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि आर्थिक वर्ष 2021-22 पासूनच्या देणग्यांसाठी साधी पावती पुरत नाही, संस्थेकडून 10बीई हे प्रमाणपत्र यावं लागतं. अनामत परत करताना ‘पिन टाका म्हणजे पैसे येतील’ म्हणाले तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच, तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तोही त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. हाताशी व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय पत्ता ठेवा. जाहिरात, संभाषण, नकाशाची खूण यांचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण पान बंद केलं जातं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, जुनं 420. नंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी जीएसटी भरा’ असा फोन येतो. तोही त्यांच्याच साखळीतला असण्याची शक्यता मोठी, एक रुपयाही देऊ नका.

आणि ती चार गाढवं. मुलांच्या आग्रहाने ती ‘विकत घेऊन सोडवू’ नका. मिळालेल्या पैशात दुसरी चार येतात. जागेवर भांडण न करता पायबंद, ओल्या जखमा, कोरडं टमरेल आणि गाढवं आणणारा टेम्पो दिसला तर त्याचा नंबर यांचे फोटो घ्या, बाहेर पडून 112 ला कळवा आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, 1960 खाली तक्रार घ्यायला सांगा. जनावर लंगडत असेल किंवा खात नसेल तर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला वाडीचं नाव, जवळची खूण आणि गाढव केव्हापासून खात नाही ते सांगा. नाकातून पिवळा चिकट स्राव आणि अंगावर फुटलेल्या गाठी दिसल्या तर मुलांना लांब ठेवा, हात साबणाने धुवा आणि हे लक्षण फोनवर आवर्जून सांगा. ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा संसर्गजन्य रोग असू शकतो. तो माणसाला होतो आणि त्याची माहिती सरकारी डॉक्टरांपर्यंत पोचणं कायद्याने बंधनकारक आहे.