पंचवटी, आडनाव की नवा शब्द? नाशिकमध्ये धंद्याचं नाव ठरवताना

नाशिकमध्ये नवा धंदा काढायचा म्हटलं की घरात पहिल्या पाच मिनिटांत येणारी नावं ठरलेली असतात: गोदावरी, पंचवटी, सप्तशृंगी, श्रीराम, त्र्यंबकराज. मग कोणीतरी आडनाव सुचवतं. शेवटी कॉलेजात जाणारी मुलगी काहीतरी इंग्रजी वळणाचं सांगते आणि आजी विचारते, "हे बोलायचं कसं गं?" तिघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण कानाला काय गोड लागतं यापेक्षा एक प्रश्न आधी सोडवा: गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार आहे, की तुमचा माल गिऱ्हाइकाच्या दारात जाणार आहे? पाथर्डी फाट्यावरचं किराणा दुकान आणि पुण्या-इंदूरला जाणारं बेदाण्याचं पाकीट यांना एकच माप लावलं की घोळ होतो.

गावाचं, नदीचं, देवाचं नाव

दुकानासाठी हे नाव स्वस्त आणि मस्त. काही समजावून सांगावं लागत नाही, पाटी वाचून माणूस आत येतो, नवस-श्रद्धेचा मानही राहतो. रविवार कारंजावर एक आणि सातपूरला दुसरं 'गोदावरी' असलं तरी रोजच्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नाही, कारण तो दुकान ओळखतो, नाव नव्हे.

पाकिटावर मात्र हेच नाव लंगडं पडतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की माल कुठून आला, कसा आहे, कशासाठी आहे एवढंच सांगणारा शब्द एकट्या कोणाच्या नावावर सहसा नोंदला जात नाही. अपवाद असतो, पण तो कमवावा लागतो. पार्ले हे मुंबईतल्या विलेपार्ल्याचं नाव. तिथे १९२९ मध्ये धंदा सुरू झाला आणि आज 'पार्ले' म्हटल्यावर लोकांना उपनगराआधी बिस्किट आठवतं. त्यामागे कित्येक दशकांची विक्री आहे. पहिल्या वर्षी अर्ज टाकणाऱ्याने हे उदाहरण वकिलाला ऐकवू नये.

देवाधर्माच्या शब्दांचंही तसंच. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला मिळावं, हा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. धर्मग्रंथाचं नाव एकाच व्यापाऱ्याच्या मालकीचं होऊ शकत नाही, असा त्याचा रोख होता. रामकुंडाच्या आसपास अगरबत्ती, प्रसाद, पूजासाहित्याचा धंदा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारी कामासाठी वापरण्यावर तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याचंच बंधन आहे.

नाशिककरांसाठी आणखी एक अडचण. नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा, पैठणी या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं. रीतसर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ते लेबलवर जरूर लावा, त्याने मालाची किंमत वाढते. स्वतःचा ब्रँड म्हणून तेच नोंदवायला जाल तर तो दरवाजा बंद आहे.

आडनाव किंवा आजोबांचं नाव

कोंडाजी म्हटलं की नाशिककराला चिवडा आठवतो, बुधा म्हटलं की जिलेबी. खाण्याच्या धंद्यात माणसाच्या नावाला तोड नाही, कारण तिथे गिऱ्हाईक जबाबदार माणूस शोधत असतं. शिवाय प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ चं संरक्षण आहे, म्हणजे त्याच नावाचा दुसरा मोठा व्यापारी तुम्हाला सहजी अडवू शकत नाही. गंमत अशी की हेच संरक्षण तुमच्या चुलतभावालाही आहे.

इथेच आडनावाची खरी दुखरी जागा येते. आज तिघं भाऊ एका गल्ल्यावर बसतात, उद्या वाटण्या होतात. जमीन मोजून देता येते, नाव कसं देणार? हल्दीरामच्या घराण्यात दिल्ली आणि कोलकात्याच्या शाखांमध्ये नावाच्या हक्कावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. म्हणून आडनाव घेणार असाल तर भागीदारीच्या करारात एक कलम आत्ताच घाला: कोणी वेगळं झालं तर नाव कोणाकडे राहील. बोलायला अवघड विषय आहे, पण दिवाळीला सगळे एकत्र असताना बोलून टाकलेला बरा. आणि आडनाव पाटील, जाधव, शिंदे असं असेल तर पाकिटासाठी ते एकटं घेऊच नका. नुसत्या 'पाटील' नावाने गर्दीत कोण ओळखणार?

'शुद्ध', 'घरगुती', 'गावरान', 'अस्सल' यांवर फार वेळ घालवत नाही. ती विशेषणं आहेत, नावं नव्हेत. लेबलच्या कोपऱ्यात ठीक.

बनवलेला शब्द

सुरुवातीला महाग. पहिली दोन वर्षं लोक "काय म्हणालात?" असं विचारणार, पाटीखाली 'मसाले व लोणची' असं लिहावं लागणार. पण हे नाव पहिल्या दिवसापासून तुमचं असतं, आणि इतर नावांच्या तुलनेत त्याची नोंदणीही सोपी जाते.

बनवलेला म्हणजे परका असं मात्र नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण गंगापूर धरणाजवळच आहे. सुला वाइनचं नाव राजीव सामंत यांनी आईच्या सुलभा या नावावरून घेतलं. घरातलं नाव, पण कापून छोटं केलेलं: दोन अक्षरं, देवनागरीत आणि रोमनमध्ये सारखंच वाचता येणारं, दिल्लीच्या आणि लंडनच्या माणसालाही बोलता येणारं. माझं मत विचाराल तर बाहेरगावी जाणाऱ्या मालासाठी हाच मार्ग घ्यावा. आजीच्या, शेताच्या, वाडीच्या नावाचा एखादा तुकडा उचलावा. पूजेत सांगायला गोष्ट राहते आणि कागदावर हक्कही राहतो.

तुकडा निवडताना दोन गोष्टी तपासा. नावात 'ळ' असेल तर महाराष्ट्राबाहेर त्याचा 'ल' होणार. आणि 'व' असेल तर कोणी व्ही लिहील, कोणी डब्ल्यू, मग इंटरनेटवर शोधणारा दुसऱ्याच दुकानात पोचतो. पाटीचाही विचार हवा. २०२२ पासून राज्यात लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक आहे आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरीत विचित्र दिसणारं नाव रोज दारावर तसंच दिसणार. २०२२ च्या त्याच कायदादुरुस्तीत मद्य देणाऱ्या आस्थापनांना गडकिल्ल्यांची किंवा महापुरुषांची नावं द्यायला मनाई आहे, तेव्हा बारसाठी साल्हेर किंवा रामशेज मनात असेल तर सोडून द्या.

कागदावर

शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, अगदी कंपनी म्हणून मंजूर झालेलं नाव, यातल्या कशानेही ब्रँडची मालकी मिळत नाही. सीएने कंपनी काढून दिली म्हणून निवांत बसणारे बरेच भेटतात. मालकी हवी तर ट्रेडमार्कचा अर्ज. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. एकूण ४५ वर्ग आहेत: बेदाणे २९, मसाले ३०, ताजी द्राक्षं ३१, वाइन ३३, खानावळ ४३. दिंडोरी तालुक्यातली सह्याद्री फार्म्स, दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आणि त्याच नावाची रुग्णालयं सुखाने एकत्र नांदतात, ती धंदे वेगळे असल्यामुळे.

अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या, आणि उच्चारावरून शोधायचा पर्याय नक्की वापरा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी ऐकायला सारखं असलेलं नाव हरकतीला पुरेसं ठरतं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या नियतकालिकात नाव छापल्यावर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. नोंद हातात येईपर्यंत नावापुढे टीएम लावा. वर्तुळातला आर नोंदणीनंतरच.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या भरवशावर 'कुंभ' आणि 'शाही' लावून नावं काढायची टूम आहे. पर्वणीपुरता स्टॉल असेल तर खुशाल लावा, फ्लेक्स उतरवला की नाव संपलं तरी बिघडत नाही. पण २०२८ मध्येही तेच पाकीट विकायचं असेल तर त्यावर वेगळं नाव छापा.