सर्जरीची रेसिडेन्सी: केसेसचा पूर की हातात सुरी?

सर्जरीला प्रवेश घेताना अनेकांचं घोडं इथेच अडतं: फेलोंनी (रेसिडेन्सी संपवून पुढचं खास प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांनी) गजबजलेलं मोठं केंद्र घ्यावं, की फेलो नसलेलं मध्यम रुग्णालय? मी दोन्हीकडे राबलोय. नाव, पगार, हॉस्टेल हे तुम्ही ताडून पाहिलं असेलच.

मोठ्या केंद्राची बाजू लंगडी अजिबात नाही. यकृताची, अन्ननलिकेची अवघड कामं तिथेच बघायला मिळतात आणि बघून बघून नजर तयार होते. एकाच वेळी चार इमर्जन्सी आल्या तर आधी कोणाला आत घ्यायचं, हेही तिथे लवकर कळायला लागतं.

माझं बिनसलं ते कॅमेऱ्यावरून. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना कॅमेरा मी धरायचा, कॅलॉटचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी असलेला नाजूक भाग) फेलोने सोडवायचा आणि शेवटचे टाके पुन्हा माझ्याकडे. लॉगबुकात मात्र केस रुबाबात माझ्या नावावर! फेलोला तरी काय बोलणार, तोही शिकायलाच आलेला. सर्जरीची रेसिडेन्सी सुरू करणारे अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांच्या काळातल्या पिरॅमिड पद्धतीत दरवर्षी काही जण गळायचे आणि वर मोजकेच पोहोचायचे. आता तसं ठरवून कोणाला गाळत नाहीत; पण फेलो असले की सुरीपर्यंतची वाट निमुळतीच राहते, असं आपलं माझं मत.

मध्यम ठिकाणी शस्त्रक्रिया तीच. सर समोर उभे, पित्ताशय ओढून धरायचं काम त्यांचं, सोडवायचं माझं. नळी आणि रक्तवाहिनीला क्लिप लावायच्या आधी हमखास थांबवायचे: "पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसतायत ना? खालचा भाग यकृतापासून सुटलाय? मागचं यकृत दाखव." सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला 'क्रिटिकल व्ह्यू', म्हणजे क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं असं हे सुरक्षित दृश्य, मला तोंडपाठ होता. पण सरांना पटेपर्यंत तो स्वतः उलगडून दाखवायचा म्हणजे घाम फुटायचा. केस लांबायची, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघायचे, तरी सर सुरी काढून घ्यायचे नाहीत.

दुर्मिळ केसेस तिथे कमी, हे खरंच. त्यासाठी पुढे फेलोशिप आहे. ज्यांना सुरुवातीपासून संशोधनातच रमायचंय त्यांना कदाचित मोठं केंद्रच मानवेल. बाकीच्यांनी विभागप्रमुखांना भेटण्याआधी तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठून विचारावं: मागच्या पित्ताशयाला कॅमेरा कोणाच्या हातात होता, आणि क्लिप कोणी लावली?